पडद्यापर्यंतचे बारा सेंटिमीटर

दूध संकलन केंद्रावर ठेवायच्या एका यंत्राचा पहिला बोर्ड टेबलावर होता. दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ नोंदवायचं आणि सभासदाचं खातं दहा इंची पडद्यावर दाखवायचं, हे त्या यंत्राचं काम. वीज सुरू केली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं एकामागून एक सरकू लागली. अगदी स्वच्छ, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पहिल्याच प्रयत्नात पडदा लागला म्हणून आम्ही सगळे खूश होतो. मग खात्याचं पान उघडलं. सभासदाच्या फोटोत माणूस ओळखू येत नव्हता. गालांवर आणि कपाळावर डोंगराच्या नकाशात असतात तशा कड्या उमटल्या होत्या. उजेडाला लागून काळोख, काळोखाला लागून पुन्हा उजेड. अक्षरं निर्दोष आणि चेहरा विद्रूप!

सोल्डरिंग ठीक होतं. मल्टिमीटर लावून पाहिलं, तर प्रत्येक पिन जिथं पोचायला हवी तिथंच पोचत होती. म्हणजे तारा बरोबर, तरी चित्र चूक. त्या चेहऱ्याकडे आपण परत येऊच. त्याआधी मॉड्यूलपासून पडद्याच्या कनेक्टरपर्यंतची जी बारा सेंटिमीटरची वाट त्या बोर्डवर होती, तिच्यावर काय काय घडतं ते पाहू.

तयार इंजिन, आपली गाडी

यंत्रात छोटा संगणक बसवायचा असेल, तर प्रोसेसर, मेमरी आणि त्यांना लागणारी नाजूक वीजव्यवस्था स्वतः रचत बसण्याची गरज आता बहुतेकांना पडत नाही. हे सगळं एका लहानशा बोर्डवर तयार मिळतं. त्याला मॉड्यूल म्हणतात. इंजिन तयार घ्यावं आणि गाडीचा सांगाडा आपल्या कामाप्रमाणे बांधावा, तसा हा प्रकार आहे. आपण बांधतो तो सांगाडा म्हणजे कॅरियर बोर्ड. वीज, बटणं, सेन्सर, नेटवर्क आणि पडदा या सगळ्यांच्या जोडण्या त्याच्यावर असतात.

पिकमग या संस्थेनं २००५ मध्ये कॉम एक्सप्रेस हे मानक आणलं. त्यात मॉड्यूल आणि बोर्ड यांच्यामध्ये ४४० पर्यंत पिना असतात. २००८ मध्ये क्यूसेव्हन आलं, पुढे ३१४ पिनांचं स्मार्क आलं. रास्पबेरी पायचं पहिलं कम्प्यूट मॉड्यूल २०१४ चं. २०२० मध्ये आलेलं कम्प्यूट मॉड्यूल ४ अवघं ५५ बाय ४० मिलिमीटरचं आहे. त्याच्या पोटाशी शंभर-शंभर पिनांचे दोन कनेक्टर आहेत आणि त्यांतून दोन एचडीएमआय आणि दोन डीएसआय असे पडद्याकडे जाणारे चार मार्ग बाहेर पडतात.

मानक कुठलंही घ्या, कॅरियर बोर्ड करणाऱ्याची जागा तीच राहते. मॉड्यूल एका कंपनीचं, पडदा दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. आपण मधले. सोयरीक जुळवणाऱ्यानं दोन्ही घरचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं लागतं. एका घरचं ऐकून दुसऱ्या घरचं गृहीत धरलं की पुढं निस्तरत बसावं लागतं. पडद्याच्या जोडणीत नेमकं हेच होतं. बोर्डवर तांब्याची पहिली रेघ ओढण्याआधी दोन्ही डेटाशीट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणं, हा या कामाचा सर्वांत मोठा भाग आहे.

आधी गुणाकार

आमचा पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा होता. सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला सहा कोटी चौदा लाख ठिपके होतात. पण पडदा याहून जास्त वेळ मागतो. प्रत्येक ओळ संपल्यावर आणि प्रत्येक चित्र संपल्यावर थोडी मोकळी जागा सोडावी लागते. जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीच्या शेवटाहून पुन्हा सुरुवातीला यायला वेळ घेई. त्या सवयीचा हा वारसा. ही मोकळी जागा धरली की ओळ १४४० ठिपक्यांची होते आणि ओळी ८२३ होतात. १४४० गुणिले ८२३ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला सुमारे सात कोटी अकरा लाख. यालाच ७१.१ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक म्हणतात. पडद्याच्या जोडणीतले बाकीचे सगळे हिशोब या एका आकड्यावर उभे राहतात.

प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग, आणि प्रत्येक रंगाला आठ बिट, म्हणजे चोवीस बिट लागतात. सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे चोवीस तारा शेजारी शेजारी न्यायच्या आणि सोबत क्लॉक आणि ओळ-चित्राच्या खुणांच्या चार तारा द्यायच्या. याला पॅरलल आरजीबी म्हणतात. लहान पडद्यांना तो आजही पुरतो. पण अठ्ठावीस तारा ७१ मेगाहर्ट्झला एकदम उड्या मारू लागल्या की बोर्ड म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच होतं, आणि तेवढ्या जाडीची केबल वळवणंही कठीण जातं.

एलव्हीडीएस या पद्धतीत हेच बिट तारांच्या पाच जोड्यांत बसतात. चार जोड्या माहितीच्या, एक क्लॉकची. क्लॉकच्या एका फेऱ्यात माहितीची प्रत्येक जोडी सात बिट वाहून नेते. चार साते अठ्ठावीस. त्यांत चोवीस रंगाचे, तीन खुणांचे आणि एक रिकामा. ७१.१ ला सातनं गुणलं की प्रत्येक जोडीवरून सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी बिट जातात.

पडदा फुल एचडी असेल तर पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ होतो. त्याची सातपट एकाच जोडीला जड जाते, म्हणून असे एलव्हीडीएस पडदे दोन मार्ग मागतात. एकावरून सम ठिपके, दुसऱ्यावरून विषम. एचडीएमआयमध्ये तीन रंगांच्या तीन जोड्या असतात आणि प्रत्येक ठिपक्यामागे जोडीवरून दहा बिट जातात, म्हणजे तिथं वेग सेकंदाला १४८.५ कोटी बिटांवर पोचतो. डीएसआय मोबाइलच्या पडद्यांतून आलेला. त्याच्या बहुतेक पॅनेलांना चित्राआधी आज्ञांची एक यादी ऐकवावी लागते, आणि ती यादी हातात नसेल तर पडदा उजळत नाही. ईडीपी लॅपटॉपच्या घरातला; त्याच्या प्रत्येक जोडीत वाटेवर छोटे कपॅसिटर बसवावे लागतात.

यांतला कुठला निवडायचा? जो पडद्याला कळतो आणि मॉड्यूल स्वतःहून देतं, तो. मध्ये भाषांतर करणारी चिप घालता येते, पण तिला वेगळी वीज लागते, तिचे वेगळे रजिस्टर भरावे लागतात, आणि उद्या ती बाजारातून गेली की बोर्ड अडतो.

बिट किती लांब असतो

बोर्डच्या फायबरग्लासमध्ये बुडालेल्या तांब्यावरून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण पंधरा सेंटिमीटर जातो, म्हणजे प्रकाशाच्या निम्म्या वेगानं. पन्नास कोटी बिटांच्या वेगाला एक बिट दोन नॅनोसेकंद टिकतो. म्हणजे तारेवर त्याची लांबी तीस सेंटिमीटर झाली. आमची वाट बारा सेंटिमीटरची. अख्खा बिट त्या बोर्डवर मावतच नव्हता. फुल एचडी एचडीएमआयचा बिट दहा सेंटिमीटरचा असतो. सेकंदाला ६० चित्रांच्या फोर-के एचडीएमआयचा बिट जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, अंगठ्याच्या पेराएवढा.

किती काळजी घ्यायची ते या लांबीवरून ठरवता येतं. जोडीतली एक तार दुसरीपेक्षा एक मिलिमीटर लांब असेल तर सहा-सात पिकोसेकंदांचा फरक पडतो. एलव्हीडीएसचा बिट दोन हजार पिकोसेकंदांचा. त्याला हा फरक जाणवतही नाही. फोर-केचा बिट १६८ पिकोसेकंदांचा. तिथं जोडीतल्या जोडीत तीन मिलिमीटरचा फरक राहिला तर बिटाचा आठवा हिस्सा गेला. नवे इंजिनिअर बऱ्याचदा सगळ्याच जोड्यांना सापासारखी वळणं देऊन लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवतात. एलव्हीडीएसच्या दोन जोड्यांमध्ये चारदोन मिलिमीटरचा फरक सहज खपतो, आणि नको तिथली वळणं जागाही खातात आणि जोडीचं संतुलनही बिघडवतात. जोडीच्या आत फरक पडला असेल तर तो जिथं पडला, म्हणजे बहुधा कोपऱ्यावर, तिथंच भरून काढावा.

जोडीनं चालणं

दोन तारा कशासाठी? १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट घेतलं. तेव्हा टेलिफोनची एकच तार असे आणि परतीची वाट जमिनीतून. शेजारच्या तारेवरची कुजबुज आणि खरखर आपल्या कानात येई. दोन तारा जवळ जवळ नेल्या तर बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो, आणि ऐकणाऱ्यानं दोघींमधला फरक तेवढा घेतला की गोंगाट वजा होतो. एलव्हीडीएस हेच तत्त्व वापरतं. मॉड्यूलकडून जोडीत साडेतीन मिलिअँपिअर वीज फिरते, पडद्याच्या टोकाला १०० ओमचा रोध असतो, आणि त्याच्यावर ३५० मिलिव्होल्ट उमटतात. वीज एका दिशेनं फिरली तर एक, उलट फिरली तर शून्य. इतक्या छोट्या व्होल्टेजवर काम भागतं ते जोडीमुळे.

तो १०० ओमचा आकडा टोकापुरता नसतो, सगळ्या वाटेचा असतो. इम्पीडन्स हा शब्द १८८६ मध्ये ऑलिव्हर हेविसाइडनं घडवला. तारखात्याच्या नोकरीतून आलेल्या या माणसानं लांब तारेवरून सिग्नल कसा धावतो याचं गणित मांडलं. कालव्यातून येणारी लाट जिथं कालवा अचानक रुंद किंवा अरुंद होतो तिथं थोडी मागं फिरते, तसंच सिग्नलचं. १०० ओमच्या वाटेत मध्येच १५० ओमचा तुकडा आला, तर सिग्नलचा पाचवा हिस्सा उलट फिरतो.

बोर्डवर हा इम्पीडन्स चार गोष्टींवर ठरतो: रेघेची रुंदी, दोन रेघांमधलं अंतर, खालच्या ग्राउंडच्या थरापर्यंतची उंची आणि मधलं द्रव्य. उंची आणि द्रव्य पीसीबी बनवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून लेआउट सुरू करण्याआधी त्याच्याकडून थरांची जाडी मागून घ्यावी, त्याप्रमाणे रुंदी काढावी, आणि ऑर्डरमध्ये कुठल्या थरावरच्या कुठल्या रुंदीच्या जोड्या १०० ओमच्या हव्यात ते स्पष्ट लिहावं. तो साधारण दहा टक्क्यांच्या आत बसवून देतो आणि कडेच्या चाचणीपट्टीवर मोजूनही दाखवतो.

एक वाट मात्र नकाशात कुणीच काढत नाही, आणि ती म्हणजे परतीची. बोर्डवरच्या जोडीतली प्रत्येक रेघ शेजारणीपेक्षा खालच्या ग्राउंडच्या थराशी जास्त बांधलेली असते. वर सिग्नल जसजसा पुढं सरकतो, तसतशी खाली त्याच्या बरोबर सावलीतून वीज परत येते. त्या थरात चीर असेल तर सावलीला वळसा घालावा लागतो, जोडीचा तोल जातो, आणि पडद्यावर अधूनमधून ठिपके चमकू लागतात किंवा शेजारच्या रेडिओत खरखर शिरते. म्हणून जोड्यांखाली ग्राउंड सलग ठेवावं, आणि थर बदलावाच लागला तर सिग्नलच्या व्हायाशेजारी, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या छिद्राशेजारी, ग्राउंडचा व्हाया द्यावा.

कनेक्टर आणि केबल

बारा सेंटिमीटर संपले की कनेक्टर येतो, आणि बोर्ड फुकट जाण्याच्या गोष्टी सर्वांत जास्त इथल्याच ऐकायला मिळतात. चपट्या एफएफसी केबलचे दोन प्रकार असतात: एकात दोन्ही टोकांचे उघडे पत्रे एकाच बाजूला, दुसऱ्यात विरुद्ध बाजूंना. कनेक्टरही दोन प्रकारचे, वरून टेकणारे आणि खालून टेकणारे. यांतली एक गोष्ट उलटली की चाळीस पिनांच्या केबलमध्ये पहिली पिन चाळिसावीवर जाते, आणि बॅकलाइटचे व्होल्ट सिग्नलच्या पिनेवर येऊन पॅनेल क्षणात मरतं. संगणकावर कितीही तपासलं तरी ही चूक नजरेतून सुटते. बोर्डचं चित्र कागदावर खऱ्या मापात छापावं, त्यावर खरा कनेक्टर ठेवावा, खरी केबल घालून पॅनेलपर्यंत न्यावी आणि पेनानं एकेक पिन मोजावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

एचडीएमआयचा कनेक्टर बाहेरच्या जगाकडे उघडतो, म्हणून त्याच्या मागण्या वेगळ्या. अठराव्या पिनेवर आपण पाच व्होल्ट द्यायचे. एकोणिसाव्या पिनेवरून मॉनिटर आपण आल्याचं सांगतो. दोन पिनांवरून त्याची १२८ बाइटची ओळख वाचायची, तिला एडिड म्हणतात. आधी एक शून्य, मग सहा वेळा २५५, मग पुन्हा शून्य अशी तिची सुरुवात असते, आणि सगळ्या बाइटची बेरीज २५६ नं नि:शेष भागली गेली तरच ती खरी. ही बोलणी पाच व्होल्टवर चालतात, आणि मॉड्यूलच्या पिना तेवढं सहसा सोसत नाहीत; मध्ये व्होल्टेज उतरवणारा टप्पा हवाच. शिवाय आपला बोर्ड बंद आणि मॉनिटर चालू असेल, तर त्याच्याकडची वीज जोड्यांतून उलटी आपल्या बोर्डात शिरू शकते. ती अडवावी लागते. माणसाच्या बोटातून येणारी ठिणगी काही हजार व्होल्टची असते. तिच्यासाठीचे डायोड कनेक्टरला खेटून बसवावेत आणि ते अर्ध्या पिकोफॅरडहून कमी कपॅसिटन्सचे असावेत. नाहीतर ठिणगीपासून वाचवताना सिग्नलच बुजतो.

आधी कोण, मग कोण

पडद्याच्या डेटाशीटमध्ये मागच्या पानांवर एक आलेख असतो. त्यात वीज, सिग्नल आणि बॅकलाइट कुठल्या क्रमानं आणि किती अंतरानं द्यायचे ते लिहिलेलं असतं. अनेक पॅनेलांत वीज दिल्यावर पन्नास मिलिसेकंदांच्या आत सिग्नल हवा असतो, आणि सिग्नल आल्यावर निदान दोनशे मिलिसेकंदांनी बॅकलाइट. बंद करताना नेमकं उलट. वीज नसलेल्या पॅनेलला सिग्नल दिला तर त्याच्या चिपमध्ये नको त्या वाटेनं वीज शिरते. सिग्नल नसताना पॅनेलला वीज राहिली तर द्रवस्फटिकावर एकाच दिशेचं व्होल्टेज बसून राहतं, आणि कालांतरानं पडद्यावर डाग धरतो. हे नुकसान पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट.

इथं एका छोट्या रेझिस्टरनं मोठं काम होतं. मॉड्यूल जागं होताना पहिले काही क्षण त्याच्या पिना कुठल्याच बाजूला नसतात. बॅकलाइट चालू करणाऱ्या तारेवर ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर नसेल, तर यंत्र सुरू होताच पडद्यावर पांढरा भपका उडतो. तो बसवला की सॉफ्टवेअर सांगेपर्यंत पडदा शांत राहतो.

चेहऱ्याचं कोडं

आता तो फोटो. आठ बिटांतले कुठले बिट कुठल्या जोडीवरून पाठवायचे, याच्या एलव्हीडीएसमध्ये दोन रीती आहेत. एक व्हेसाची, एक जेईडाची. जेईडात पहिल्या तीन जोड्यांवर प्रत्येक रंगाचे वरचे सहा बिट जातात आणि चौथीवर खालचे दोन. व्हेसात पहिल्या तीन जोड्यांवर खालचे सहा आणि चौथीवर वरचे दोन. आमचं मॉड्यूल जेईडाच्या रीतीनं बोलत होतं आणि पडदा व्हेसाच्या रीतीनं ऐकत होता.

राखाडी रंगाची १०० ही छटा घ्या. तिचे वरचे सहा बिट म्हणजे २५, खालचे दोन म्हणजे ०. पडद्यानं २५ ला खालचे बिट मानलं आणि ० ला वरचे, दिसली २५. पुढची १०१ ही छटा: वरचे तेच २५, खालचा १. पडद्यानं तो १ वर नेला, तिथं त्याची किंमत ६४. दिसली ८९. १०२ ची झाली १५३. १०३ ची २१७. आणि १०४ पुन्हा थेट २६ वर आपटली. गालावर जी छाया सावकाश गडद होत जायला हवी, ती दर चार पायऱ्यांनी उडी मारून खाली कोसळत होती. नकाशातल्या कड्या त्याच होत्या.

आणि अक्षरं निर्दोष का? शून्याचे आठही बिट शून्य, २५५ चे आठही बिट एक. त्यांची जागा कशीही बदला, काळं काळंच राहतं आणि पांढरं पांढरंच. ज्या चाचणीवर आम्ही खूश झालो होतो, तिला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून पडद्याची पहिली चाचणी मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सावकाश चढत जाणाऱ्या पट्टीनं घेतो, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगात वेगवेगळी.

लिनक्समध्ये पडद्याचं वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये असतं. तिथं डेटा-मॅपिंगच्या ओळीत जेईडा-२४ होतं, ते व्हेसा-२४ केलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. खात्याचं पान उघडलं, आणि पांढरी टोपी घातलेले, गालावर हलकी दाढी वाढलेले एक काका पडद्यातून सरळ आमच्याकडे पाहत होते.

पडद्याच्या डेटाशीटमध्ये ही रीत निवडणारी एक पिनही होती. अकराव्या पानावर, एका ओळीत. मी तिला थेट एका बाजूला जोडून टाकलं होतं. वाचलं होतं, पण दुसऱ्या घरी काय चालतं ते विचारलं नव्हतं. पुढच्या बोर्डवर त्या पिनेशेजारी रेझिस्टरच्या दोन जागा आहेत. एकीत रेझिस्टर बसवलेला, दुसरी रिकामी. बाजूला पांढऱ्या शाईत दोन अक्षरं छापली आहेत, व्हेसाचं आणि जेईडाचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पडदा आला की सोल्डरिंग करणाऱ्याला कुणाला विचारावं लागणार नाही.